गो 1.25 मधलं सिंकटेस्ट: टाइमआउटच्या टेस्ट आता घड्याळाकडे बघत बसत नाहीत

पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंग रूमवर लक्ष ठेवणारा, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम घ्या. त्यात दोन अटी असतात. सेन्सरचं रीडिंग 30 सेकंदांत आलं नाही तर अलार्म, आणि पेट्या सहा तासांत ठरलेल्या तापमानाला उतरल्या नाहीत तर दुसरा अलार्म. कोड जेमतेम चाळीस ओळींचा, पण टेस्ट लिहायची म्हटलं की पंचाईत.

नाशिकच्या सातपूर-अंबडच काय, कुठल्याही टीममध्ये यावर चालणारा उपाय म्हणजे टेस्टपुरते 30 सेकंदांचे 30 मिलिसेकंद करायचे आणि 50 मिलिसेकंद स्लीप टाकायचं. लॅपटॉपवर हिरवं. बिल्ड मशीनवर रेस डिटेक्टर (दोन कामं एकाच डेटाला बेशिस्त हात लावतात का ते पकडणारं साधन) चालू असतो, शेजारी चार पॅकेजांच्या टेस्ट धावत असतात, गोरूटीनला (गोमधल्या समांतर चालणाऱ्या हलक्या कामाला) प्रोसेसर उशिरा मिळतो आणि टेस्ट लाल. मग 50 चे 200 होतात, 200 चे 500. निदान हे डोळ्यांना दिसतं तरी. ‘अलार्म वाजला नाही’ हे तपासणारी टेस्ट जास्त घातक असते, कारण मशीन हळू असेल तर मूळ कोड धावायच्या आतच तपासणी उरकते आणि टेस्ट खोटीच पास होते.

सिंकटेस्ट हे पॅकेज फेब्रुवारी 2025 मध्ये गो 1.24 सोबत प्रायोगिक म्हणून आलं आणि ऑगस्टमधल्या 1.25 पासून पक्कं झालं. ते गो सोबतच येतं, वेगळं काही बसवायचं नाही. वापरायच्या गोष्टी दोनच: ‘टेस्ट’ आणि ‘वेट’. ‘टेस्ट’ला दिलेलं फंक्शन आणि त्यातून सुटलेली सगळी गोरूटीन एका बुडबुड्यात, म्हणजे बाकी प्रोग्रॅमपासून वेगळ्या कप्प्यात चालतात. बुडबुड्याचं घड्याळ खोटं असतं आणि आतली सगळी गोरूटीन पक्की अडकल्याशिवाय पुढे सरकत नाही. सगळी अडकली की ते थेट पुढच्या टायमरच्या वेळेवर उडी मारतं. सहा तासांची टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते, ती यामुळेच. खरे आकडे बदलावे लागत नाहीत, आणि सगळीकडे नकली घड्याळाचा इंटरफेस फिरवत बसायची कटकटही जाते.

आता 30 सेकंदांची टेस्ट. वॉचडॉगचं, म्हणजे रीडिंगची वाट बघून अलार्म देणारं गोरूटीन सुरू करा. 30 सेकंद वजा 1 नॅनोसेकंद स्लीप, मग वेट, मग अलार्म बंद आहे ना ते तपासा. आणखी 1 नॅनोसेकंद स्लीप, पुन्हा वेट, आता अलार्म वाजलेलाच हवा. दुसरं वेट गाळायचा मोह होतो, पण बरोबर 30 व्या सेकंदाला टेस्टही जागी होते आणि वॉचडॉगही. आधी कोण धावेल याची हमी नाही. वेट म्हणजे बाकीचे सगळे अडकेपर्यंत थांबणं. रेस डिटेक्टरला ते समजतं, त्यामुळे साधा बूल व्हेरिएबल वाचला तरी तो ओरडत नाही. वेट विसरलात तर मात्र ओरडतो, आणि ते बरंच आहे.

खरी ठेच लागते ती ‘पक्कं अडकणं’ म्हणजे काय इथे. बुडबुड्यात बनवलेल्या चॅनेलवर (गोरूटीनमधल्या निरोपांच्या नळीवर) थांबणं, स्लीप, कंडिशन व्हेरिएबलचं वेट, आतच सुरू झालेला वेटग्रुप (अनेक गोरूटीन संपायची वाट बघणारा मोजणीदार), हे चालतं. म्यूटेक्सवर, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकवर थांबणं यात धरत नाहीत. एक गोरूटीन लॉक धरून झोपलं आणि दुसरं त्याच लॉकसाठी ताटकळलं, तर घड्याळ कायमचं थांबतं. टेस्ट दहा मिनिटांच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत लटकते आणि मग स्टॅक, म्हणजे कुठलं गोरूटीन कुठे अडकलंय त्याची यादी, ओकते. त्यात ज्या गोरूटीनपुढे ‘ड्युरेबल’ लिहिलेलं नसतं, तिथे आधी बघा. (लॉक धरून झोपणारा कोड तसाही दुरुस्तच करायला हवा, ते वेगळं.)

नेटवर्क आणि सिरियल पोर्टचंही तेच. मॉडबस (यंत्रांमधल्या संवादाचा एक प्रोटोकॉल) मीटरकडून खऱ्या सॉकेटवर रीड चालू असेल तर वेळ हलत नाही. त्याजागी नेट पॅकेजमधला पाइप (मेमरीतलंच नकली कनेक्शन) वापरायचा, तोही बुडबुड्याच्या आत बनवलेला. पॅकेज स्तरावर जाहीर केलेला वेटग्रुप चालत नाही. आत ‘टी.रन’ (उप-टेस्ट चालवणं) आणि ‘टी.पॅरलल’ला (टेस्ट समांतर चालवणं) मनाई आहे, म्हणून टेबल टेस्टमध्ये, म्हणजे एकच टेस्ट अनेक नमुन्यांवर चालवताना, टी.रन बाहेर आणि बुडबुडा त्याच्या आत ठेवा.

टिकरवर (ठरावीक अंतराने वाजणाऱ्या टायमरवर) थांबलेलं गोरूटीन मागे सोडून टेस्ट संपवली, तर मुख्य गोरूटीन गेलं पण बाकीची अडकून राहिली, असं सांगून टेस्ट पडते. काहींना हा जाच वाटेल. गळकी गोरूटीन फुकटात सापडतात म्हणून आम्ही याला गुणच म्हणू.

एक गंमत: आतली वेळ 1 जानेवारी 2000, मध्यरात्र यूटीसीपासून सुरू होते. आपल्या मशीनवरच्या लॉगमध्ये पहाटेचे साडेपाच दिसतात. आज बनवलेलं टीएलएस (सुरक्षित कनेक्शनचं) सर्टिफिकेट तिथे ‘अजून वैध नाही’ ठरतं, तेव्हा चाचणीची सर्टिफिकेट जुन्या तारखेपासून बनवा.

जावावाल्यांची टेस्टची लायब्ररी ऑवेटिलिटी हा याला पर्याय नाही. ते खरी वेळच वापरतं आणि अट खरी होईपर्यंत दर 100 मिलिसेकंदांनी डोकावतं, आपण बदललं नाही तर जास्तीत जास्त 10 सेकंद. इंटिग्रेशन टेस्टला ठीक, पण सहा तासांच्या मर्यादेपुढे त्याचा इलाज चालत नाही. उलट खऱ्या हार्डवेअरचा उशीर मोजायचा असेल तर सिंकटेस्ट कुचकामी. ती टेस्ट बेंचवरच, खरं मीटर जोडून करायची.

जुन्या प्रोजेक्टमध्ये सुरुवात करताना टेस्ट फाइलींमध्ये ‘टाइम.स्लीप’ शोधा आणि ज्या टेस्टमध्ये सॉकेट नाही त्या आधी घ्या. 1.24 मधलं ‘रन’ वापरलं असेल तर तेही आत्ताच ‘टेस्ट’ने बदला.