पिण्याच्या पाण्याचा टीडीएस पेन वाफ्यात वापरला, त्याचा अनुभव

अडीचशे रुपयांचा हा पेन खरं तर फिल्टरचं पाणी तपासायचा; टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मी तो वाशीत सेक्टर १७ मध्ये घेतला, कोपरखैरण्यातल्या आमच्या रो-हाऊसमागच्या भाजीच्या पट्टीसाठी. इथे खाली खाडीचा काळा चिखल, वर भरावाचा मुरूम आणि मधूनमधून कुणाच्या तरी जुन्या बाथरूमच्या फरशा. भेंडी वीतभर वाढायची आणि पानांच्या कडा करपायच्या. नर्सरीवाल्याचा सल्ला ठरलेला: आणखी दोन गोण्या गांडूळखत न्या.

वापर सोपा. वाळलेली माती ५० ग्रॅम, गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी २५० मिली. ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं, वरच्या निवळीत पेन बुडवायचा. पेन मोजतो विजेची वाहकता, दाखवतो पीपीएम (दहा लाख भागांत क्षार किती भाग). त्याला ५०० ने भागलं की ईसी, म्हणजे तीच वाहकता, डेसिसायमन्स प्रति मीटरमध्ये. आमच्यासारख्या चिकट मातीत त्याची सहा-सात पट केली की मुळांपाशी किती खार आहे याचा अंदाज येतो.

मे महिन्यात आकडा आला ४८०. म्हणजे मुळांपाशी ईसी सहाच्या वर! फरसबी आणि गाजर एकच्या पुढे कुरकुरतात, टोमॅटो अडीचपर्यंत सोसतो, बीट चारपर्यंत. भेंडीही नाजूकच. मग खत कितीही ओता.

सासूबाई उरणच्या. त्यांच्या घरच्या शेतात खार सोसणारं पनवेल-३ भात असायचं. पेन बघून म्हणाल्या, "अगं, माती जिभेला लावून बघ ना, कशाला पैसे घालवलेस? एक पावसाळा जाऊ दे, खार उतरेल." मी बाजूला चर काढला, गादीवाफा उंच केला आणि पावसात माती धुऊ दिली. ऑक्टोबरात त्याच वाफ्यात १३०, म्हणजे मुळांपाशी ईसी पावणेदोनच्या आसपास. (सासूबाईंनी जीभ लावली नाही, पण चेहरा बघण्यासारखा होता.) आता पालक आणि टोमॅटो जमिनीत, फरसबी कुंडीत. उन्हाळ्यात मात्र ऊन खालचा खार पुन्हा वर ओढतं, पांढरी पापडी धरते. म्हणून जानेवारीपासून वाफ्यावर वाळका पालापाचोळा जाड अंथरते.

आता पेनच्या मर्यादा. खार कुठला, ते तो सांगत नाही. गांडूळखताची गोणी त्याच पद्धतीनं तपासली तर ९०० च्या वर गेली, पण त्यात झाडाला हवी ती खनिजंही आली; तेवढ्यावरून खत वाईट म्हणता येणार नाही. खाऱ्या वाफ्यात मात्र ते मूठमूठच घालावं. जिप्सम (माती सुधारायला घालतात ती कॅल्शियमची पूड) टाकलं असेल तर आकडा उगाच फुगतो, कारण जिप्समही पाण्यात विरघळतं. आणि पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते अजिबात कळत नाही. आमच्याकडे सिमेंटच्या तुकड्यांमुळे तोही चढलेला असणार. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की माती लॅबमध्येच द्यावी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण झाकणामुळे कापला: बटण-सेल बदलायला ते उघडताना नख तुटतं. दुकानातच एकदा उघडून बघा आणि सेलची एक जोडी जास्तीची मागून घ्या.