सहा इंची बेंच ग्राइंडर: मोटर चांगली, पण टूल रेस्टने वैताग आणला

पटाश्यांना आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायला हा ग्राइंडर घेतला त्याला आता बरेच महिने झाले. आज लिहायला बसलो कारण सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर सरळ सांगितलं की टूल रेस्ट वॉरंटीत येत नाही, ती ॲक्सेसरी आहे. अहो, ज्यावर पटाशी टेकवायची तोच भाग वॉरंटीत नाही म्हणजे काय?

रेस्ट म्हणजे वाकवलेला पत्रा, तोही एकाच बोल्टवर. जरा दाब दिला की झुकतो, मग २५ अंशाला लावलेला कोन शेवटपर्यंत राहतच नाही आणि पात्याचा एक कोपरा जास्त खाल्ला जातो. दोन इंची रंध्याचं पातं तर त्यावर नीट बसतही नाही. त्यात बोल्ट ढिला झाला की रेस्ट मागे सरकतो. रेस्ट आणि चाकात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर हत्यार आत ओढलं जातं, बोटासकट. माझी तक्रार मुळात यासाठी होती, पण तिकडे कोणी ऐकूनच घेत नाही.

मोटरबद्दल तक्रार नाही, थरथर नाही, आवाज ठीक.

सुरुवातीला माझं मत होतं की कार्बन स्टीलच्या हत्यारांना हे मशीन नकोच. सोबत आलेली राखाडी चाकं इतकी तापवतात की टोक बघता बघता निळं पडतं, आणि निळं पडलं म्हणजे ३०० अंशाच्या आसपास गेलं, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं म्हणजे कडकपणा गेला, धार टिकत नाही. मग ८० ग्रिटचं (ग्रिट म्हणजे कणांचा जाडबारीकपणा) पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड चाक आणि चाकाचा पृष्ठभाग घासून साफ करायचा डायमंड ड्रेसर घेतला आणि मत बदललं. हे चाक नरम असतं, बोथट कण झडून नवे वर येतात म्हणून कमी तापतं. तरी पाण्याचा डबा शेजारी हवाच, बोटाला चटका लागायच्या आत बुडवायचं. चाक बदलताना डावीकडचं नट उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, आणि बसवायच्या आधी चाक लाकडी मुठीने हलकं ठोकून बघा, बद्द वाजलं तर तडा असू शकतो, लावू नका.

आता खरा फायदा. गोल चाकामुळे उताराला, म्हणजे धारेकडच्या तिरप्या भागाला, खळगी पडते, मग ऑइल स्टोनवर (तेल लावून घासायच्या दगडावर) फक्त टोक आणि टाच, म्हणजे उताराची मागची कड, टेकते, पूर्वी सगळा उतार घासत बसावं लागायचं ते वाचलं. शेवटची धार मात्र दगडावरच, ग्राइंडर नुसता आकार देतो.

रेस्टचं शेवटी मीच बघितलं. गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिमी प्लेटचा रुंद रेस्ट करून घेतला आणि मशीनला नाही, टेबलालाच बोल्ट मारला. हलत नाही म्हणजे नाही. कोन मोजायला गेज पण विकत घेतला नाही, उताराची लांबी पटाशीच्या जाडीच्या दुप्पट आली की ३० अंश, पट्टीवर दिसतं.

पण हा खर्च माझ्या खिशातून का? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. काही उत्तर आलं तर इथेच लिहितो.