हौदातले दिवे, नऊ महिन्यांनंतर (खरं तर वायरबद्दलच)

वॉट किती, प्रकाश किती, हे सगळं बॉक्सवर असतंच. मला वायरबद्दल बोलायचंय.

दहिसर गावठाणात आमचं बैठं घर, परसात आजोबांच्या वेळचा कपडे धुवायचा हौद. आठ बाय पाच फूट, पाणी अडीच फूट, म्हणजे साधारण २,८०० लिटर. त्यात नऊ गोल्डफिश, आणि गप्पी किती ते गप्पींनाच माहीत (डासांसाठी सोडलेले, आता राज्य त्यांचंच). गेल्या दिवाळीत ऑनलाइन तीन दिव्यांचं किट घेतलं, १२ व्होल्टचं, ६-६ वॉट, २,३५० रुपये. आई म्हणाली "हौदाला कसली रोषणाई, आधी तुळशीपाशी बल्ब लावा", आणि मग तासभर तिथेच खुर्ची टाकून बसली.

आता हिशोब बघा. दिवा हौदाच्या मधोमध ठेवायचा तर भिंतीपर्यंत अडीच फूट, वर पाण्याबाहेर यायला अडीच फूट, झाले पाच फूट म्हणजे १५२ सेंटीमीटर. वायर बॉक्सवर दीड मीटर, बायकोच्या शिलाईच्या टेपने मोजली तर १४२. म्हणजे जोड पाण्याखाली चार बोटं. पाण्यात ठेवायच्या वस्तूला पाण्याबाहेर न येणारी वायर देणाऱ्याला काय म्हणावं! इलेक्ट्रिशियन म्हणाला टेन्शन नको, टेप मारतो. मारली.

फेब्रुवारीत पहिला गेला, जूनच्या पहिल्या पावसात दुसरा. कस्टमर केअरला अकरा फोन केले, फोटो पाठवले, शेवटी उत्तर आलं, "सर, आपने वायर में जॉइंट किया है, वॉरंटी नहीं मिलेगा." अहो, जोड केला नसता तर दिवा हवेत लावू का? एक स्टार द्यायचा ठरवूनच हे लिहायला बसलो होतो.

पण लिहिण्याआधी मेलेला दिवा उघडून बघितला, आणि इथे मत थोडं बदललं. काच ठीक, आतलं रबर ठीक, पण वायर सोलली तर जोडापासून थेट आतल्या एलईडीच्या प्लेटपर्यंत तांबं हिरवं पडलेलं. पाणी काचेतून गेलंच नाही, जोडात शिरलं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून वर चढलं, समईची वात तेल ओढते तसं. आयपी६८ (म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलं तरी आत पाणी जाणार नाही) लिहिलंय ते फिटिंगपुरतं, आमच्या टेपला ते कुठून लागू होणार. म्हणजे दिवा वाईट नव्हता. वायर आखूड होती, आणि ती चिकटपट्टी. दोन स्टार.

मग लोहार चाळीत गेलो. तिथे सुटा दिवा मिळाला, ५ मीटर अखंड वायरवाला, ६५० ला एक. दोन घेतले. आता जोड बाहेर, भिंतीवरच्या प्लास्टिकच्या डबीत, पाण्यापासून हातभर वर. ट्रान्सफॉर्मर त्याच्याही वर, मोरीच्या खिडकीत, कारण जुलैत गल्लीतलं पाणी कुठवर येतं त्याची रेघ आमच्या भिंतीवर आहेच. लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आधीपासून होता. शेजारचे काका म्हणत होते डायरेक्ट २३० व्होल्टचे घे, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचेल. काका, दर पंधरवड्याला काचेवरचं शेवाळ पुसायला हौदात हात मी घालतो, तुम्ही नाही.

बाकीचं पटकन सांगतो. रंग वॉर्म व्हाइटच घ्या, गोल्डफिश अगदी केशरी दिसतात, निळ्यात तेच मासे राखाडी, मेल्यासारखे. दिवा आपल्या बसायच्या बाजूला ठेवून तोंड पलीकडे करा, नाहीतर डोळ्यात जातो आणि मासे दिसत नाहीत. पाणी गढूळ असेल तर दिवा फक्त गढूळपणा दाखवतो, आधी फिल्टर बघा. मी टायमर लावलाय, संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा, पुढे अंधार, कारण माशांनाही रात्र लागते (आमच्या आईलाही, तिच्या खिडकीसमोरच हौद आहे). तिन्ही दिव्यांचे महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत, त्यामुळे बिलावरून घरात भांडण नाही.

किटमधला तिसरा दिवा मात्र अजून चालू आहे. तो कोपऱ्यात भिंतीला चिकटून ठेवला होता, म्हणून त्याचा जोड पहिल्यापासून पाण्याबाहेर राहिला. याचा तिसरा स्टार द्यायचा होता, पण ते आठ सेंटीमीटर कमी भरलेत ना, ते मी सोडणार नाही. दोनच.