आई-बाबांना घेऊन सिंगापुरात कुठे जेवायचं: हॉकर सेंटर की फूडकोर्ट?

मे महिना आला की इथल्या मराठी घरांमध्ये आई-बाबांची ये-जा सुरू होते आणि हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. घरी स्वयंपाक होतोच, पण फिरायला बाहेर पडल्यावर दुपारी भूक लागली की समोर दोनच सोयीचे पर्याय दिसतात: मॉलच्या तळघरातलं गारेगार फूडकोर्ट, नाहीतर रस्त्यापलीकडचं, पंख्यांच्या वाऱ्यावर चालणारं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली मांडलेले खाण्याचे गाळे. पदार्थ दोन्हीकडे जवळपास तेच, म्हणजे चिकन राइस, लाक्सा (मसालेदार रश्श्यातल्या नूडल्स), ‘मी गोरेंग’ (परतलेल्या नूडल्स), रोजाक (फळं-भाज्यांचं चटकदार मिश्रण). त्यामुळे निवड पदार्थांवरून होत नाही.

फूडकोर्टाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. माझ्या बाबांचे गुडघे दुखतात. फूडकोर्टात सरकता जिना असतो, पाठ टेकायला खुर्ची असते, स्वच्छतागृह जवळ असतं. हॉकर सेंटरमध्ये बहुतेक ठिकाणी जमिनीत पक्की बसवलेली गोल स्टुलं. अर्ध्या तासात बाबा कंबर चोळायला लागतात. रात्री नवाला गेलात तरी फूडकोर्टात सगळं उघडं मिळतं. हॉकर सेंटरमध्ये सोमवारी बरेच गाळे बंद असतात, आणि ज्याची ख्याती ऐकून गेलात त्याचा माल संपला की तो दुपारी दोनलाच आवरतो. उकाड्याबद्दल मुंबईकराला काय सांगायचं, पण पुण्याहून आलेल्यांना तो जड जातो. दुपारी साडेबाराला तर टेबल मिळणंच मुश्कील. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल कुणीतरी ‘चोप’ केलं आहे, म्हणजे धरून ठेवलं आहे असं समजायचं. पाकीट बाजूला सारून बसायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर हॉकर सेंटरमध्ये ताटामागे दोन-तीन डॉलर वाचतात, असा माझा अंदाज. चौघांच्या जेवणात ते जाणवतं, पण केवळ तेवढ्यासाठी मी आई-बाबांना उन्हात नेलं नसतं.

माझा निर्णय झाला तो एका वाडगाभर नूडल्समुळे. आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. एका मॉलच्या फूडकोर्टात मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, सूप कशाचं आहे? तो म्हणाला, भाज्यांचं. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. आईने निम्मं सूप संपवलं आणि तळाशी सुकी कोळंबी दिसली. आई काही बोलली नाही, चमचा ठेवला आणि उठून चूळ भरून आली. त्या दिवशी ती पुढे काहीच जेवली नाही. मी परत जाऊन विचारलं तेव्हा त्या मुलाने खरं काय ते सांगितलं: रस्सा दुसरीकडून तयार होऊन येतो, इथे फक्त गरम होतो. तो खोटं बोलला नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं. पण ज्याला आपण वाढतोय ते कशाचं आहे हे माहीत नाही, त्याच्या भरवशावर मी आईला कसं जेवू घालणार?

पुढच्याच आठवड्यात एका हॉकर सेंटरमध्ये लाक्साच्या गाळ्यावर गेलो. कढईपाशी उभ्या आंटींनी आईकडे पाहिलं आणि माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात हलवला. मसाल्यातच सुकी कोळंबी वाटलेली आहे, वरून काढून चालणार नाही, असं मोडक्या इंग्रजीत समजावलं, आणि टोकाच्या गाळ्याकडे बोट दाखवलं. गिऱ्हाईक सोडलं, पण खरं सांगितलं. १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने या छपरांखाली आणलं. आजही सरकारी हॉकर सेंटरमध्ये परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच गाळा चालवायचा असा नियम आहे. त्यामुळे ज्याला विचाराल त्यानेच बहुधा सकाळी मसाला परतलेला असतो. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. माझ्या लेखी हा वारसा म्हणजे त्या आंटींचं ते उत्तर.

आंटींनी दाखवलेला गाळा चिनी बौद्ध शाकाहारी जेवणाचा होता. हे फार मराठी लोकांना माहीत नसतं: असे पारंपरिक गाळे कांदा-लसूणही वापरत नाहीत. चातुर्मास पाळणाऱ्या आईला परदेशात यापेक्षा काय हवं? चिनी चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथे रांग लागते. मांसासारखा दिसणारा तुकडा गव्हाच्या सत्त्वाचा किंवा सोयाचा असतो, हे आईला आधीच सांगा, नाहीतर ती हात लावणार नाही. अंड्याचं मात्र विचारून घ्या. सकाळी तांदळाच्या शेवयांचा बी हून मिळतो. तो आमच्या आईला इतका आवडला की ती त्यावर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरते.

फूडकोर्टातही स्वतः रांधणारे मालक भेटतात, आणि हॉकर सेंटरमध्येही काही ठिकाणी नोकर असतात, हे मान्य. तुमच्याकडचे सगळे मांसाहारी असतील, किंवा बाबांना अजिबात चालवत नसेल, तर मॉलच बरा. पण ताटात काय आहे याची ज्या घरात काळजी असते, त्यांना मी हॉकर सेंटरच सुचवेन.

सुरुवात टेक्का सेंटरपासून करा. लिटल इंडिया स्टेशनच्या अगदी शेजारी, आणि डोसे-आप्पमही असल्याने पहिल्या दिवशी आई-बाबांना परकं वाटत नाही. सकाळी अकराच्या सुमारास जा, भिंतीकडचं पंख्याखालचं टेबल धरा. चहा कमी गोड हवा असेल तर ‘ते सिऊ दाई’ म्हणा, आणि बिनदुधाचा हवा असेल तर ‘ते ओ’. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा आहे. २०२१ पासून ते सक्तीचं आहे, आणि हलाल ताटांची जागा वेगळी असते. बाबांसाठी घरून एक छोटी उशी न्या. आम्ही नेतो.