ऑटोअँटीबॉडीचं सिक्वेन्सिंग: सीरममधलं प्रथिन वाचावं की बी-पेशींचा आरएनए?

रुग्णात कुठली ऑटोअँटीबॉडी (शरीराच्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनलेली अँटीबॉडी) आहे, हे एलायझा या नेहमीच्या चाचणीतून कळतं. ती कुठल्या जनुकांतून घडली आणि काळानुसार बदलली का, हे हवं असेल तर अमिनो आम्लांचा क्रमच लागतो. त्यासाठी अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचा आरएनए वाचता येतो, किंवा सीरममधली (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातली) अँटीबॉडी थेट मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर.

एकेका बी-पेशीचं सिक्वेन्सिंग केलं की अँटीबॉडीचे दोन भाग, जड आणि हलकी साखळी, जोडीनेच हाती येतात, आणि तीच अँटीबॉडी प्रयोगशाळेत बनवून तपासता येते. मोनोक्लोनल (एकाच क्रमाची अँटीबॉडी) बनवायची असेल तर हाच मार्ग घ्या. अडचण वेगळी आहे. सीरममधली बरीचशी आयजीजी (अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी, म्हणजे बी-पेशींपासून तयार झालेल्या पेशी, बनवतात, आणि शिरेतून काढलेल्या रक्तात त्या फार थोड्या असतात. त्यामुळे सापडलेला क्रम सीरममधल्या अँटीबॉडीचाच आहे, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

प्रथिन वाचलं की हा प्रश्न मिटतो, शिवाय फ्रीझरमधलं जुनं सीरमही चालतं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या गटाने श्योग्रेन या ऑटोइम्यून आजारातल्या रो60-विरोधी (रो60 या शरीरातल्याच प्रथिनाविरुद्धच्या) अँटीबॉडी अशाच वाचल्या. वेगवेगळ्या रुग्णांत त्यांना सारखीच व्ही-जनुकं (अँटीबॉडीचा बदलता भाग घडवणारी जनुकं) सापडली. एकेका रुग्णाचे अनेक वर्षांचे नमुने तपासल्यावर दिसलं, की अँटीबॉडी टिकून असली तरी तिच्यामागचे क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेले बी-पेशींचे गट) सतत बदलत असतात. टायटर (अँटीबॉडीचं रक्तातलं प्रमाण) पाहून हे कधीच कळलं नसतं. मला या पद्धतीचं खरं बळ इथे दिसतं.

पण वाचन किचकट आहे. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन्ही अमिनो आम्लांचं साखळीतलं वस्तुमान 113.084 डाल्टन, त्यामुळे नुसत्या वजनावरून फरक कळत नाही. अ‍ॅस्परॅजिनचं डीअमिडेशन (त्यातला अमाइड गट निघून जाणं) झालं तर ते अ‍ॅस्पार्टिक आम्लासारखंच दिसतं. प्रथिनाचे पेप्टाइड नावाचे छोटे तुकडे करणारं एन्झाइम ट्रिप्सिन लायसिन-आर्जिनिननंतर कापतं. सीडीआर3 भागात (अँटिजेनला चिकटणाऱ्या सर्वांत बदलत्या भागात) पुढचा काप दूर पडला तर पेप्टाइड लांबलचक होतं आणि नीट वाचता येत नाही. म्हणून कायमोट्रिप्सिनसारखं दुसरं एन्झाइमही वापरावं लागतं. एवढं करूनही, अँटीबॉडीचे पेप्टाइड तुकडे झाल्यावर कुठली जड साखळी कुठल्या हलकीची, हे कळत नाही.

फक्त साठवलेलं सीरम असेल तर प्रथिन वाचा, पण आधी अँटिजेनच्या (अँटीबॉडी ज्याला चिकटते त्या प्रथिनाच्या) कॉलमवर अँटीबॉडी शुद्ध करून घ्या. सगळी आयजीजी एकदम मशीनवर घातली तर हवी ती अँटीबॉडी गर्दीत हरवेल. ताजं रक्त मिळणार असेल तर दोन्ही करा: बी-पेशींतून त्या रुग्णाचा स्वतःचा डेटाबेस तयार करा आणि सीरममधले पेप्टाइड त्याच्याशी जुळवा. ल्युसिन-आयसोल्युसिनचा घोळ बराचसा तिथेच सुटतो. त्यासाठी रक्त घ्याल त्याच दिवशी सीरमसोबत पेशीही गोठवून ठेवा.