कयाकचं वल्हं घेताना: पाती सरळ की तिरकी?

तापीवरच्या हतनूर धरणाचं बॅकवॉटर असो की जळगावचा मेहरूण तलाव, कयाकसाठी वल्हं शोधायला बसलं की किंमत आणि वजन लगेच कळतं. गाडी अडते ती अंशांवर: 0, 30, 45, 60. दोन्ही टोकांची पाती एकाच पातळीत असली की 0, म्हणजे सरळ वल्हं. एक पातं दुसऱ्याच्या मानाने जेवढं फिरवलेलं, तेवढे अंश, म्हणजे तिरकं वल्हं. विक्रेते हे वाऱ्याच्या नावावर खपवतात, पण माझ्या मते आधी मनगटाचं बघावं.

वाऱ्याचं खोटं नाही. समोरून वारा असला की तिरक्या वल्ह्याचं वरचं पातं धारेने हवा कापत जातं. सरळ असेल तर ते अख्खं वाऱ्याला आडवं येतं. आपल्याकडे याला अर्थ आहे. तापी पश्चिमेला वाहते आणि मे-जूनचा वाराही बहुतेक पश्चिमेचाच. हतनूरकडून वर, पूर्वेला, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे निघालात, तर जाताना वारा पाठीशी आणि दमून परतताना नेमका तोंडावर. पण वारा बाजूने आला की उलटं होतं: तिरकं पातं वारा अंगावर घेतं, सरळ पात्याची नुसती धार त्याच्यासमोर येते. मेहरूणसारख्या शहरातल्या तलावावर तर हा विचार सोडूनच द्या.

आता मनगट. तिरक्या वल्ह्यात एक हात, बहुतेकांचा उजवा, दांडा पक्का धरतो आणि डावा सैल राहतो. डावीकडचं पातं पाण्यात नीट उभं उतरावं म्हणून उजवं मनगट मागे वळवून दांडा फिरवावा लागतो, बाईकची रेस पिळतो तसा. कोन जितका मोठा तितकं पिळणं जास्त, आणि तासाभरात हे शेकडो वेळा होतं. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणं, वरून सूज येणं, ही दुखणी यातूनच उद्भवतात. दिवसभर कीबोर्डवर किंवा बाईकवर असणाऱ्याने 60 च्या वाटेला जाऊ नये.

म्हणून सरळच घ्यावं का? नवशिक्याने हो. दोन्ही हातांचं काम सारखं, आणि कयाक कलंडायला लागली की पातं कोणत्या बाजूला आहे हे शोधत बसावं लागत नाही. पण एक खोच आहे. हात खांद्याच्या वर नेत दांडा उभा धरून वल्हवणाऱ्याचा दांडा कोपर वर जाताना आपोआप थोडा फिरतो. त्याला 30 च्या आसपासचा कोन मनगट न वळवता जमतो, उलट 0 वर थोडं अडखळल्यासारखं होतं. दांडा आडवा धरून निवांत फिरणाऱ्याला 0 ते 15 पुरे.

घेण्याआधी दुकानातच बघा. वल्हं डोक्यावर आडवं ठेवा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की हातांची जागा मिळाली. मग वल्हवल्यासारखं करा आणि हाताची पाठ व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहतो का ते पाहा. ओढणाऱ्या हाताची बोटं आकड्यासारखी वळलेली असावीत, ढकलणाऱ्याचा तळवा जवळजवळ उघडा. मूठ आवळून धरणाऱ्याला कुठलाच कोन वाचवत नाही, कारण बोटं आवळणारे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि तिथेच आधी भरून येतं.

दोन तुकड्यांचं, सांध्यावर कोन बदलता येणारं वल्हं मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. सुरुवात 0 वर करा, वारा तोंडावर आला की 30 वर न्या. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर मेच्या उन्हात काठावर पडू देऊ नका, हात लावता येत नाही, फायबरग्लास बरा. आणि घरी आल्यावर सांधा उघडून साध्या पाण्याने धुवा. तापीचा बारीक गाळ आत बसला की दोन्ही तुकडे असे चिकटतात की दोघांनी दोन टोकं धरून ओढली तरी सुटत नाहीत.