मीडची डिग्री लावणारी काचेची नळी

माझ्या लहानपणी आबा रोज सकाळी डेअरीला दूध घालायला जायचे आणि मी किटली धरून मागे. तिथला माणूस दुधात काचेची नळी सोडायचा, ती डुलून थांबली की आकडा मोठ्याने सांगायचा. 28, 29. डिग्री कमी लागली, म्हणजे दूध पातळ निघालं, की आबांचा चेहरा उतरायचा. चाळीस वर्षांनी न्यू जर्सीतल्या माझ्या ओट्यावर तशीच नळी आहे, फक्त ती दुधात नाही, मधाच्या वाइनमध्ये म्हणजे मीडमध्ये तरंगते. तिला हायड्रोमीटर म्हणतात. डेअरीतला लॅक्टोमीटर हा तिचाच भाऊ.

मी घेतलेला हायड्रोमीटर साधा आहे, तीन मापांची पट्टी असलेला, सोबत प्लॅस्टिकची उंच नळकांडी. पंधरा डॉलरच्या आत मिळाला. अशी नळी बऱ्याच कंपन्या विकतात आणि घडण जवळपास सारखीच असते, त्यामुळे हे सगळ्यांनाच लागू धरा. पाचपैकी चार तारे.

आधी मी याच्याशिवायच एक खेप केली होती. बुडबुडे थांबले, चव घेतली, फारच कोरडी म्हणजे बिनगोडीची लागली, म्हणून वरून मध ढवळून बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी कपाटात एक बाटली फुटली. यीस्ट मेलेलं नव्हतं, नुसतं खायला काही उरलं नाही म्हणून गप्प बसलं होतं. मी त्याला नवं खाणं दिलं आणि झाकण घट्ट लावलं. काचा दाराच्या फळीत रुतल्या होत्या. त्या वेळी कपाटाजवळ कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

दुसऱ्या खेपेला सगळं मोजून केलं. तीन पाउंड म्हणजे सुमारे 1.36 किलो संत्र्याच्या फुलांचा मध, पाणी घालून एकूण एक गॅलन, 71बी नावाच्या जातीचं यीस्ट. मधात यीस्टला लागणारा नायट्रोजन फार कमी असतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत पोषक पूड थोडी थोडी घातली. सुरुवातीला आकडा 1.102 लागला. पाण्याचा आकडा 1.000, त्याच्या वरचं सगळं मुख्यतः साखरेचं वजन. साखर जसजशी दारूत बदलते तसतशी नळी खाली बुडत जाते. शेवटी 0.998 वर थांबली आणि पुढचे दोन आठवडे तिथेच राहिली. दोन आकड्यांतल्या फरकाला 131 ने गुणलं की दारूचं प्रमाण निघतं, माझं साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आलं. आंबणं खरंच संपलंय की नाही, हे एअरलॉकच्या, म्हणजे भांड्याच्या तोंडावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बुडबुड्यांवरून कळत नाही. लागोपाठ तोच आकडा आला तरच कळतं. माझ्यासाठी या नळीची किंमत इथेच वसूल झाली.

गोडी नंतर. मीड गाळावरून काढून नितळ होऊ दिली. मग यीस्ट पुन्हा जागं होऊ नये म्हणून एक कॅम्पडेनची (सल्फाइटची) गोळी कुटून आणि अर्धा चमचा पोटॅशियम सॉर्बेट घालून एक दिवस थांबले. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखतं, म्हणून जोरात आंबत असलेल्या मीडमध्ये ते घालून उपयोग नाही. त्यानंतर चार पेल्यांत 100-100 मिली मीड घेतली आणि दोन, चार, सहा, आठ ग्रॅम मध विरघळवला. पन्ह्यात गूळ घालताना आंबटपणाकडे बघूनच हात थांबतो ना, तसंच इथे. दोन ग्रॅमचा पेला अजून तुरट, आठचा घशाशी येणारा. नवऱ्याला आणि मला चार आणि सहाच्या मधलं आवडलं. म्हणजे 100 मिलीला पाच ग्रॅम, उरलेल्या 3.4 लिटरला 170 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी नळी सोडली, 1.011. कोरडी मीड साधारण 1.010 पर्यंत मानतात, मध्यम गोड 1.025 पर्यंत. आमची त्या सीमेवर बसली. चव मात्र ज्या थंडपणाला प्यायची तेवढ्याच थंडपणाला घ्या, गार मीड कमी गोड लागते.

आता चौथ्या तार्‍यावर का अडले ते. पट्टी 0.990 पासून 1.160 पर्यंतची, सगळं वीतभर नळीत कोंबलेलं. रेघा 0.002 च्या अंतराने, त्यामुळे 1.011 हा आकडा दोन रेघांच्या मधे अंदाजानेच धरावा लागतो. गोडी ठरवताना नेमका हाच भाग बारीक दिसायला हवा. माझा पहिला नग तर साध्या पाण्यातही 1.004 दाखवत होता, आतला कागद सरकलेला. दुकानाने बदलून दिला. आल्या आल्या पाण्यात बुडवून बघा, आणि पट्टीवर कुठल्या तापमानाला माप बसवलंय तेही वाचा. माझी 60 फॅरनहाइटची आहे, त्यामुळे स्वयंपाकघर गरम असेल तर आकडा थोडा कमी येतो. नळी सोडल्यावर बोटांनी गिरकी द्या, नाहीतर बुडबुडे चिकटून ती वर उचलली जाते.

अमेरिकेत घरच्यासाठी एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलनपर्यंत वाइन करता येते, मीडही त्यातच मोडते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करता येत नाही. तिकडे चव घ्यायची तर पुण्याच्या मूनशाइन किंवा नाशिकच्या सेराना या कंपन्यांची मीड आहे.

मी आता 0.980 ते 1.020 एवढ्याच पट्टीचा दुसरा हायड्रोमीटर मागवलाय, शेवटच्या मोजणीसाठी. आबांना फोनवर 1.011 सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे अकरा डिग्री. दुधाला लागली असती तर परत पाठवलं असतं गं."